मतपत्रिकेवरचे न्यायमूर्ती

कॅलिफोर्नियात गव्हर्नरच्या निवडणुकीचं वर्ष आलं, की ऑक्टोबरात घरोघरी टपालाने मतपत्रिका येते. बे एरियातल्या मराठी घरांतही ती येते. गव्हर्नर, ॲटर्नी जनरल, शिक्षणप्रमुख अशी पदं एकाखाली एक येत जातात आणि मध्येच राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींची नावं लागतात. त्यांच्यासमोर प्रतिस्पर्धी नसतो, नावापुढे पक्ष नसतो. अमुक न्यायमूर्तींना कायद्याने ठरलेल्या मुदतीसाठी पदावर निवडावं का, एवढाच प्रश्न असतो आणि पुढे दोन पर्याय: होय, नाही. बरेच मतदार हा भाग कोराच ठेवतात. भारतात वाढलेला माणूस तर इथे अडतोच. न्यायाधीशाला मत कसं द्यायचं, आणि कशाच्या आधारावर?

राज्याचं सर्वोच्च न्यायालय म्हणजे काय, हे आधी सांगायला हवं. आपल्याकडे मुंबई उच्च न्यायालयाच्या वर दिल्लीचं न्यायालय आहे आणि कुठल्याही कायद्याचा वाद तिथवर जाऊ शकतो. अमेरिकेत राज्याच्या कायद्याचा अर्थ लावण्यात त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा शब्द अखेरचा असतो. संघराज्याच्या घटनेचा किंवा केंद्रीय कायद्याचा प्रश्न असेल, तरच वॉशिंग्टनचं न्यायालय त्यात लक्ष घालतं. घटस्फोट, जमीन, नुकसानभरपाई, शाळांचा निधी, बहुतेक खून खटले, हे सगळं राज्यात सुरू होतं आणि राज्यातच संपतं. असं अधिकारपद असलेल्या न्यायमूर्तींना आज ५० पैकी ३८ राज्यांत कुठल्या ना कुठल्या टप्प्यावर मतदारांपुढे उभं राहावं लागतं.

हा लोकशाहीचा अतिरेक आहे, असं आपल्याला पटकन वाटतं. जुने कागद वेगळं सांगतात. न्यायाधीशाला मोकळं करायचं, म्हणून त्याच्यापुढे मतपेटी आणली गेली. त्याच्या डोक्यावरचा एक मालक हटवायचा आणि ती जागा रिकामी राहू नये म्हणून दुसरा आणून बसवायचा, हे अडीच शतकं चालू आहे. नेमणूक कोणी करावी यावर त्या देशात अफाट शाई खर्च झाली. एकदा नेमलेल्या माणसाला पुन्हा कोणाच्या दारात जावं लागतं, हा प्रश्न मात्र मागे राहिला. माझ्या मते सगळी गोम तिथेच आहे.

पहिला मालक इंग्लंडचा राजा. इंग्लंडमधल्या न्यायाधीशांना १७०१ च्या कायद्याने अभय मिळालं होतं. वर्तन चांगलं आहे तोवर त्यांना हटवता येत नसे. समुद्रापलीकडच्या वसाहतींना मात्र हे अभय लागू नव्हतं. तिथला न्यायाधीश राजाची मर्जी असेपर्यंतच खुर्चीवर. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात राजाविरुद्ध तक्रारींची जी यादी आहे, तीत ही तक्रार ठळकपणे आहे: याने न्यायाधीशांची मुदत आणि पगार आपल्या एकट्याच्या इच्छेवर टांगून ठेवले.

राजा गेला आणि त्याच्या जागी विधिमंडळं आली. बहुतेक राज्यांत न्यायाधीशांची निवड विधिमंडळाच्या किंवा गव्हर्नरच्या हाती होती. कागदावर मुदत आयुष्यभराची असली, तरी पगार आणि न्यायालयाचं अस्तित्व विधिमंडळाच्याच मुठीत. केंटकीत याचं टोक गाठलं गेलं. १८१९ च्या मंदीनंतर कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यांसाठी तिथल्या विधिमंडळाने वसुली लांबणीवर टाकणारे कायदे केले. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने (तिथे त्याला तेव्हा कोर्ट ऑफ अपील्स म्हणत) १८२३ मध्ये ते घटनाबाह्य ठरवले. संतापलेल्या आमदारांना न्यायाधीशांना काढून टाकायचं होतं, पण त्यासाठी लागणारं दोनतृतीयांश बहुमत जमेना. मग १८२४ च्या डिसेंबरात त्यांनी साध्या बहुमताने ते न्यायालयच मोडीत काढलं आणि नवं न्यायालय उभं केलं. जुने तीन न्यायाधीश उठायला तयार नव्हते. नव्या न्यायालयाचा कारकून फ्रान्सिस ब्लेअर याने दप्तर जबरदस्तीने ताब्यात घेतलं. एका राज्यात दोन सर्वोच्च न्यायालयं, एकाकडे न्यायाधीश आणि दुसऱ्याकडे कागदपत्रं! वकिलाने अपील कुठे दाखल करायचं? हा घोळ १८२६ च्या अखेरीस निवडणुकांनीच मिटला. लोकांनी जुन्या न्यायालयाच्या बाजूचे आमदार निवडून दिले आणि नवं न्यायालय रद्द झालं. विधिमंडळाच्या तडाख्यातून न्यायाधीशांना वाचवलं ते मतदारांनी, हा धडा तेव्हाच्या माणसांनी घेतला असेल तर नवल नाही.

सगळेच्या सगळे न्यायाधीश लोकांनी निवडायचे, असं ठरवणारं पहिलं राज्य मिसिसिपी, साल १८३२. तिथल्या घटना परिषदेत तीन तट होते. सगळे न्यायाधीश निवडून द्यावेत म्हणणारे, काहीच निवडावेत म्हणणारे आणि एकही निवडू नये म्हणणारे. पहिला तट जिंकला. फ्रान्सहून आलेल्या आलेक्सी द तॉकव्हिलने १८३५ च्या आपल्या पुस्तकात या चालीचे परिणाम आज ना उद्या घातक ठरतील, असा इशारा देऊन ठेवला. तरी पुढची दहा वर्षं मिसिसिपीच्या मागे फारसं कोणी गेलं नाही.

लाट उठवली ती पैशाने. १८३० च्या दशकात राज्यांनी कालवे, रेल्वे आणि बँका यांच्यासाठी बेसुमार कर्ज काढलं. १८३७ चं संकट आलं आणि १८४१-४२ मध्ये पेन्सिल्वेनिया, इंडियाना, इलिनॉय यांच्यासह आठ राज्यांनी कर्जफेडीत हात वर केले. आपल्या आमदारांनी कंत्राटदारांशी संगनमत करून तिजोरी लुटली, अशी लोकांची खात्री झाली. राज्याराज्यांत नव्या घटना लिहायला घेतल्या गेल्या आणि कर्जाला घटनेतच मर्यादा घातली गेली. पण ती मर्यादा आमदार पाळतात की नाही हे पाहणार कोण? न्यायाधीश. आणि त्या न्यायाधीशाला आमदारच नेमत असतील तर? १८४६ च्या न्यूयॉर्कच्या घटना परिषदेने यावर उत्तर काढलं. न्यायाधीशाला थेट लोकांकडून बळ द्यावं, म्हणजे तो विधिमंडळाला ताठ मानेने ‘नाही’ म्हणू शकेल. न्यूयॉर्क झुकलं आणि धडाधड राज्यं त्या वाटेने गेली. यादवी युद्ध सुरू झालं तेव्हा ३४ पैकी २४ राज्यांत न्यायाधीश निवडून येत होते. या पिढीने अपेक्षा पुरीही केली. १८५० च्या दशकात राज्यांच्या न्यायालयांनी आधीच्यापेक्षा कितीतरी जास्त कायदे रद्दबातल ठरवले.

इतिहासातला हा भाग आज अमेरिकेतही फार थोड्यांना ठाऊक असतो, म्हणून त्यावर जोर देतोय. निवडणूक आणणारे लोक न्यायालयाला वेसण घालायला निघालेले नव्हते. त्यांना खंबीर न्यायाधीश हवे होते. त्यांचा हिशेब चुकला तो एका ठिकाणी. निवडणुकीपाठोपाठ त्यांनी छोटी मुदत आणि फेरनिवड आणली. लोकांकडून बळ घेतलेला न्यायाधीश सहा-आठ वर्षांनी ते बळ नव्याने मागायला निघाला आणि त्याच्या वाटेत पक्षाचा स्थानिक पुढारी उभा होता.

न्यूयॉर्क शहरात तो पुढारी म्हणजे टॅमनी हॉल या पक्षसंघटनेचा बॉस ट्वीड. न्यूयॉर्कमध्ये ‘सुप्रीम कोर्ट’ हे खटला चालवणारं न्यायालय, सर्वांत वरचं ते कोर्ट ऑफ अपील्स. त्या सुप्रीम कोर्टात ट्वीडच्या मर्जीतले दोन न्यायाधीश होते, जॉर्ज बार्नर्ड आणि आल्बर्ट कार्डोझो. रेल्वेमालक जे गूल्डला हवे ते हुकूम हे न्यायाधीश देत. १८७२ मध्ये बार्नर्डवर महाभियोग चालून तो पदच्युत झाला. कार्डोझोने ती पाळी येण्याआधीच राजीनामा दिला. त्या वेळी त्याचा मुलगा बेंजामिन दोन वर्षांचाही नव्हता.

हा मुलगा वकील झाला. बापाने घालवलेलं नाव परत मिळवायचं ही त्याच्या मनातली सल होती, असं त्याचे चरित्रकार सांगतात. १९१३ च्या नोव्हेंबरात टॅमनीविरोधी आघाडीने त्याला उमेदवारी दिली आणि बापाने सोडलेल्या त्याच न्यायालयात तो थोड्या मतांनी निवडून आला. पुढच्याच वर्षी त्याला कोर्ट ऑफ अपील्समध्ये घेतलं गेलं. १९२६ मध्ये दोन्ही पक्षांच्या पाठिंब्याने तो तिथला मुख्य न्यायाधीश म्हणून निवडून आला आणि १९३२ मध्ये वॉशिंग्टनच्या न्यायालयात गेला. मोटारगाडीतल्या दोषाबद्दल गिऱ्हाइकाने थेट कारखानदाराला जबाबदार धरता येतं, हा १९१६ चा मॅकफर्सन निकाल त्याचाच. आपल्या विधी महाविद्यालयांत तो आजही शिकवतात. ज्या व्यवस्थेने आल्बर्ट कार्डोझो दिला तिनेच बेंजामिनही दिला. निवडणूक वाईटच म्हणणाऱ्यांना याचं उत्तर द्यावं लागतं. पण न्यूयॉर्कने १८६९ मध्ये एक शहाणपण केलं होतं: न्यायाधीशाची मुदत १४ वर्षांची केली. बेंजामिन कार्डोझोला पक्षांच्या दारात वारंवार जावं लागलं नाही, याचं श्रेय त्या आकड्याला आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पक्षांच्या पुढाऱ्यांचा वीट आला. १९०६ मध्ये सेंट पॉल इथे वकिलांच्या राष्ट्रीय परिषदेत रॉस्को पाउंड या नेब्रास्काच्या तरुण कायदेपंडिताने भाषण केलं. न्यायालयं राजकारणात ओढली गेल्याने त्यांचा मान धुळीला मिळाला, असं त्याने ज्येष्ठांच्या तोंडावर सांगितलं. यावर पश्चिमेकडच्या राज्यांचं म्हणणं उलटं होतं: लोकांचा हात आणखी लांब करा, न्यायाधीश मुदतीआधीच परत बोलवायचा हक्क द्या. ॲरिझोनाने आपल्या पहिल्या घटनेतच तो हक्क घातला. राष्ट्राध्यक्ष टाफ्ट स्वतः न्यायाधीश राहिलेले. त्यांनी १९११ मध्ये त्या एका कलमापायी ॲरिझोनाला राज्याचा दर्जा देणारा ठराव नाकारला. ॲरिझोनाने कलम मुकाट्याने वगळलं, १४ फेब्रुवारी १९१२ रोजी राज्याचा दर्जा घेतला आणि त्याच नोव्हेंबरात मतदान घेऊन कलम पुन्हा घटनेत घातलं.

मतपत्रिकेवरच्या ‘होय की नाही’चा जन्म या दोन टोकांमधल्या तडजोडीतून झाला. शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातले प्राध्यापक आल्बर्ट केल्स यांनी १९१४ च्या सुमारास कल्पना मांडली. निवड जाणकारांनी करावी आणि मग त्या माणसाला विनाप्रतिस्पर्धी मतदारांपुढे ठेवावं. पक्षाचं तिकीट नको, प्रचारसभा नको. लोकांकडे नकाराधिकार तेवढा राहू द्यावा. कॅलिफोर्नियाने १९३४ मध्ये या कल्पनेचं एक रूप स्वीकारलं. तिथे ती गुन्हेगारीविरोधी सुधारणांच्या जुडग्यातून आली आणि तिच्या पाठीराख्यांत आलामेडा परगण्याचे सरकारी वकील अर्ल वॉरन होते, पुढे देशाचे सरन्यायाधीश झालेले.

पूर्ण योजना आकाराला आली मिझुरीत. कॅन्सस सिटीवर टॉम पेंडरगास्ट या पुढाऱ्याची पकड होती. आगीच्या विम्याच्या दरांच्या प्रकरणात त्याच्या मनाविरुद्ध गेलेले सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश जेम्स डग्लस यांना १९३८ मध्ये पाडायचा त्याने घाट घातला. डग्लस निवडून आले. पुढच्याच वर्षी पेंडरगास्ट आयकर बुडवल्याबद्दल तुरुंगात गेला आणि १९४० मध्ये मतदारांनी नवी पद्धत मंजूर केली. सात जणांचा आयोग: वकिलांनी निवडलेले तीन वकील, गव्हर्नरने नेमलेले तीन सामान्य नागरिक आणि एक न्यायाधीश. आयोग तीन नावं देतो, गव्हर्नर त्यातलं एक घेतो, किमान वर्षभर काम झाल्यावर मतदार ‘होय’ म्हणाले तर बारा वर्षं पक्की. आमदारांना ही पद्धत रुचली नाही. त्यांनी ती १९४२ मध्ये पुन्हा मताला टाकली, तर ती आणखी मोठ्या फरकाने टिकली.

कॅन्ससने ही पद्धत का घेतली, ती गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९५६ मध्ये तिथले गव्हर्नर फ्रेड हॉल आपल्याच पक्षाच्या प्राथमिक फेरीत हरले. पुढे मुख्य निवडणूक दुसऱ्या पक्षाने जिंकली. इकडे राज्याचे मुख्य न्यायाधीश विल्यम स्मिथ आजारी होते आणि आपली जागा नव्या गव्हर्नरच्या हाती जाऊ नये, अशी त्यांची इच्छा होती. मग तीन माणसांनी मिळून डाव रचला. स्मिथ यांनी राजीनामा दिला. हॉल यांनी गव्हर्नरपद सोडलं. उपगव्हर्नर जॉन मॅक्युइश यांनी शपथ घेतली आणि स्मिथ यांच्यामुळे रिकाम्या झालेल्या जागेवर हॉल यांना नेमलं. मॅक्युइश गव्हर्नर राहिले अवघे ११ दिवस. दोन वर्षांच्या आत, १९५८ मध्ये, कॅन्ससच्या मतदारांनी गव्हर्नरचा मोकळा हात काढून घेऊन मिझुरीचा मार्ग धरला. हॉल तोवर न्यायाधीशपद सोडून पुन्हा गव्हर्नरच्या निवडणुकीत उतरले होते आणि हरलेही होते.

पुढची पंचवीसएक वर्षं ही पद्धत गाजावाजा न होता चालली. लोक ‘होय’ म्हणत राहिले. मग १९८६ चं कॅलिफोर्निया आलं. रोझ बर्ड १९७७ मध्ये त्या राज्याच्या पहिल्या महिला मुख्य न्यायाधीश झाल्या. त्यांच्यापुढे देहदंडाची साठाहून अधिक प्रकरणं आली आणि प्रत्येकात त्यांनी शिक्षेविरुद्ध मत दिलं. बळी पडलेल्यांचे नातेवाईक जाहिरातींत आणले गेले. दोनतृतीयांश मतदारांनी ‘नाही’ म्हटलं. बर्ड यांच्याबरोबर क्रूझ रेनोसो आणि जोसेफ ग्रोडिन हे न्यायमूर्तीही घरी गेले. मोकळ्या झालेल्या तिन्ही जागा गव्हर्नर ड्यूकमेजियन यांनी भरल्या आणि न्यायालयाचा तोंडवळाच पालटला. बर्ड यांना कायद्याच्या क्षेत्रात पुन्हा नीट काम मिळालं नाही. १९९९ मध्ये, ६३ व्या वर्षी त्या गेल्या. त्यांच्या देहदंडाच्या निकालांबद्दल दुमत असू शकतं, माझंही काही निकालांबद्दल आहे. पण त्यांनी निकाल देताना मतदाराकडे पाहिलं नाही, एवढं त्यांचे विरोधकही नाकारू शकत नाहीत.

त्याच न्यायालयातून १९८५ मध्ये निवृत्त झालेले ओटो काउस यांनी या स्थितीचं केलेलं वर्णन वकिलांच्या वर्तुळात आजही सांगतात. समोर राजकीयदृष्ट्या स्फोटक प्रकरण असताना पुढची निवडणूक विसरणं म्हणजे दाढी करताना न्हाणीतल्या टबात मगर बसली आहे हे विसरणं. काउस प्रामाणिक होते. आपण निकाल मगरीमुळे बदलला की नाही, हे आपल्याला स्वतःलाही सांगता येत नाही, असं ते म्हणत.

आयोवात हेच अधिक शांतपणे आणि म्हणूनच अधिक बोचरं झालं. ३ एप्रिल २००९ रोजी तिथल्या सातही न्यायमूर्तींनी एकमताने निकाल दिला, की समलिंगी जोडप्यांना विवाह नाकारणं राज्याच्या घटनेत बसत नाही. २०१० च्या नोव्हेंबरात मुख्य न्यायाधीश मार्शा टर्नस, मायकेल स्ट्राइट आणि डेव्हिड बेकर यांची नावं मतपत्रिकेवर येणार होती. बाहेरच्या संघटनांनी मोहीम उघडली. तिघांनी ठरवलं की निधी गोळा करायचा नाही, प्रचार करायचा नाही. प्रचाराला लागलो की न्यायाधीश हा उमेदवार होतो. तिघेही हरले. १९६२ मध्ये ही पद्धत आल्यापासून आयोवात असं कधी घडलं नव्हतं. निकाल सात जणांचा होता, शिक्षा मात्र कॅलेंडरने निवडलेल्या तिघांना झाली. निकाल तसाच राहिला आणि सहा वर्षांनी वॉशिंग्टनच्या न्यायालयाने साऱ्या देशाला तोच नियम घालून दिला. तिघांना २०१२ मध्ये केनेडी ग्रंथालयाचा धैर्यासाठीचा पुरस्कार मिळाला. खुर्ची कोणालाच परत मिळाली नाही.

तोवर नवा मालक येऊन बसला होता, जाहिरातींचा पैसा. वेस्ट व्हर्जिनियात मॅसी या कोळसा कंपनीविरुद्ध २००२ मध्ये ज्यूरीने ५ कोटी डॉलरची भरपाई ठरवली. अपील राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात जाणार, हे कंपनीचे प्रमुख डॉन ब्लँकनशिप यांना ठाऊक होतं. त्या न्यायालयाच्या २००४ च्या निवडणुकीत त्यांनी ब्रेंट बेंजामिन या उमेदवाराच्या बाजूने सुमारे ३० लाख डॉलर ओतले. बेंजामिन जिंकले, अपिलाच्या सुनावणीला बसले आणि ३ विरुद्ध २ मतांनी भरपाई रद्द झाली. २००९ मध्ये वॉशिंग्टनच्या न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं, की त्यांनी बाजूला व्हायला हवं होतं. चार न्यायमूर्तींना तेवढंही मान्य नव्हतं, हे लक्षात ठेवावं.

विस्कॉन्सिनच्या शर्ली अब्राहमसन यांची कारकीर्द या बदलाचा आरसाच आहे. १९७६ मध्ये त्या न्यायालयातल्या पहिल्या महिला म्हणून नेमल्या गेल्या. विस्कॉन्सिनमध्ये दहा वर्षांची मुदत असते आणि समोर खराखुरा प्रतिस्पर्धी असतो. १९७९, १९८९, १९९९, २००९ अशा चार निवडणुका त्यांनी जिंकल्या. ज्येष्ठतेने त्या १९९६ मध्ये मुख्य न्यायाधीश झाल्या. मतदार त्यांना पाडेनात, तेव्हा २०१५ मध्ये घटनाच दुरुस्त झाली. मुख्य न्यायाधीश ज्येष्ठतेने न ठरता सहकाऱ्यांच्या बहुमताने ठरावा, असं झालं आणि विरुद्ध विचारांच्या बहुमताने त्यांचं मुख्यपद लगेच काढून घेतलं. त्या साध्या न्यायमूर्ती म्हणून बसत राहिल्या आणि २०१९ मध्ये, ४३ वर्षांनी उतरल्या. त्याच न्यायालयाच्या एका जागेसाठी एप्रिल २०२५ मध्ये सुझन क्रॉफर्ड आणि ब्रॅड शिमेल यांच्यात लढत झाली, तिचा एकूण खर्च सुमारे १० कोटी डॉलर. शिमेल यांच्यामागे उभे असलेले इलॉन मस्क ग्रीन बे इथे सभा घेऊन दोन मतदारांना दहा-दहा लाख डॉलरचे धनादेश देऊन गेले. क्रॉफर्ड दहा टक्क्यांच्या फरकाने जिंकल्या. पैसा हरला म्हणून आनंद झाला, पण जिंकणाऱ्या बाजूनेही कोट्यवधी खर्चले होते आणि त्या देणगीदारांचे खटले आज ना उद्या त्याच न्यायालयात येणार आहेत.

आपल्या घटनासमितीत २४ मे १९४९ रोजी न्यायाधीशांच्या नेमणुकीवर चर्चा झाली, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी इंग्लंडमधली राजसत्तेची निरंकुश नेमणूक आणि अमेरिकेतली सिनेटची संमती हे दोन नमुने समोर ठेवले आणि सल्लामसलतीचा मधला मार्ग सुचवला. अमेरिकी राज्यांच्या निवडणुकांचा नमुना त्यात नव्हता. मुंबईचे प्रा. के. टी. शहा यांना वेगळीच काळजी होती: न्यायाधीशाला निवृत्तीनंतर सरकारी पद मिळण्याची मुभाच असू नये. आंबेडकरांनी ती सूचना मानली नाही. सरकारला रस असलेले खटले न्यायालयांपुढे फारसे येत नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं. नंतरच्या काळात सरकार हाच आपल्या न्यायालयांतला सर्वांत मोठा पक्षकार ठरला. या एका मुद्द्यावर शहांची नजर लांबची होती, असं मला वाटतं. आपल्या न्यायाधीशालाही एक दार उघडं राहिलं, फक्त ते कारकिर्दीच्या शेवटी आहे.

अमेरिकेत असं एकही दार न ठेवणारं राज्य एकच, ऱ्होड आयलंड. तिथल्या सर्वोच्च न्यायालयात नेमणूक आयुष्यभराची, वयाचीही अट नाही. त्याने सगळं सुरळीत झालं असंही नाही. १९८६ मध्ये मुख्य न्यायाधीश जोसेफ बेव्हिलाक्वा यांना गुन्हेगारी टोळ्यांशी संबंधांच्या आरोपांवरून महाभियोगाची चौकशी चालू असताना पायउतार व्हावं लागलं. त्यांच्या जागी आलेले टॉमस फे हेही १९९३ मध्ये गैरवर्तनाच्या आरोपांवरून गेले. दोघेही आधी विधिमंडळात होते आणि दोघांनाही निवडलं विधिमंडळानेच. १९९४ मध्ये मतदारांनी ती निवड विधिमंडळाकडून काढून घेतली. आता आयोग नावं देतो, गव्हर्नर त्यातून एक निवडतो आणि दोन्ही सभागृहं संमती देतात. आयुष्यभराची मुदत मात्र त्यांनी होती तशीच ठेवली.